सातवं दार

प्रिय संघमित्रा,

ग्रुपमध्ये सगळे तुला मित्रा म्हणतात, मीही म्हणतो. कागदावर मात्र पूर्ण नाव लिहावंसं वाटलं. हाताने पत्र लिहायची मला सवय नाही. दहावीच्या पेपरात एक लिहिलं होतं, त्यानंतर हेच. आज ऑफिसला सुट्टी टाकली आणि सकाळपासून गाळ्यात बसलोय. शटर अर्धं खाली आहे. चार पानं फाडून झाली. तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले, मधल्या रविवारींही मी तुझ्यासमोर यायचं टाळलं, आणि अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर टाइप करायला घेतलं की तिकडे तुला 'टायपिंग' दिसत असेल, मग तू वाट बघत बसशील, म्हणून शेवटी तेही बंद केलं. 'कुंदन, माझ्या गेममधल्या सातव्या दारातल्या काकांना आवाज देशील का? आपल्यात तुझ्याइतकी अस्सल आगरी बोली कुणाला येते?' एवढंच तू विचारलं होतंस. त्यावर हो किंवा नाही म्हणायला तीन आठवडे लागत नाहीत, हे मला कळतं. हे पत्र सोनल तुला हातात आणून देईल. आत काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. तिने काल रात्रीपासून माझ्याशी बोलणं टाकलंय, तरी एवढं काम करते म्हणाली.

आधी जरा मागचं लिहितो. हा गाळा आमच्या सीवूड्सच्या प्लॉटवरच्या बिल्डिंगमधला. इथला टेलर लॉकडाऊनमध्ये गावी गेला तो परत आला नाही. नवीन भाडोत्री मिळेपर्यंत वापर, असं बाबा म्हणाले, आणि मी घरातला जुना टीव्ही, दोन सोफे आणि चार कंट्रोलर इथे आणून टाकले. त्याआधी मी एकटाच खेळायचो. गेम खेळतो म्हटलं की लोकांना बंदुका आणि गाड्या आठवतात. मला ते कधी आवडलं नाही. एका बेटावरच्या पोस्टात बसून नुसते शिक्के मारायचे. समुद्राच्या तळाशी कंदील घेऊन चालत राहायचं आणि कुणालाच भेटायचं नाही. डोळे मिटून, फक्त आवाजावरून रस्ता शोधायचा. कुठल्यातरी देशातला एखादा माणूस नोकरी सांभाळून तीन वर्षं असं काहीतरी बनवतो आणि जगात दोन-तीनशे लोक ते खेळतात. असा गेम सापडला की तो कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. दिवसभर न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरचे कागद करणारा माणूस मी. दुसरं दाखवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? म्हणून झेरॉक्सवाल्यांकडे कागद चिकटवले: 'दर रविवारी तीन ते सात. विचित्र गेम. एकत्र बसून. फुकट.' पहिल्या रविवारी सोनल आणि तिच्या कॉलेजच्या दोघी आल्या. तिसऱ्या रविवारी सिताराम सर आले, रिटायर्ड शिक्षक, डोळ्यांनी अधू, आणि आवाजाच्या गेममध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना हरवलं. मी एकच नियम केला होता. इथे आडनाव नाही, ऑफिस नाही, गाव नाही. स्क्रीनवर जे टाइप कराल तेच नाव. या नियमाचा मला फार अभिमान होता. कुणी नवीन आलं की मी तो ऐकवायचो.

तू आलीस तेव्हा तो ऐकवायचा राहून गेला. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, तळोज्याहून कंपनीच्या बसने थेट आलेलीस, रविवारची शिफ्ट करून. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात अजून लॅबचं कार्ड. सानपाड्याच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद वाचला म्हणालीस. मी दारातच तुझ्याकडे बघत उभा राहिलो. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते सोनलने आणून दिलं. नंतर तू तिला म्हणालीस, 'तुझा दादा किती लाजतो गं.' सोनलने घरी येऊन ते मला सांगितलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

नव्या माणसाने गेम निवडायचा असतो, तू खेकडा निवडलास. एका खेळाडूकडे पाय, दुसऱ्याकडे नांग्या, आणि दोघांनी मिळून एक खेकडा हायवेच्या पलीकडे न्यायचा. तू पाय, मी नांग्या. सगळे अर्ध्या तासात कंटाळतात. आपण अडीच तास खेळलो. तू मला चक्क ओरडत होतीस, 'अरे धर ना ते, हात तुझ्याकडेच आहेत.' तो खेकडा पलीकडे पोचला तेव्हा सिताराम सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तू एकही रविवार चुकवला नाहीस. तुझ्याएवढ्या बारकाईने गेम बघणारं माणूस मी पाहिलं नाही. मला गेम आवडायचे, ते बनवता येतात हे मात्र तुझ्या डोक्यात आलं. रात्रपाळ्या सांभाळून तू शिकत होतीस. काय बनवतेस विचारलं की म्हणायचीस, थांब, झाल्यावर दाखवेन. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आपल्यातल्या एका मुलीने गेम बनवलाय.

आणि मग तो रविवार. तेवीस लोक आले होते. सोफे भरले, लोक चपलांवर बसले. स्क्रीनवर नाव आलं, 'भाड्याने देणे आहे.' एक मुलगी आणि तिची आई, हातात कागदांची फाइल. चौदा दारं. प्रत्येक दार उघडतं, कुणीतरी हसून आत घेतं, खोल्या दाखवतं, पाणी देतं. मग विचारतं, 'पूर्ण नाव काय?' खाली चौकट येते आणि खेळणाऱ्याने तिथे ते लिहायचं. काहीही लिहिलं तरी पुढचं दार येतं. पहिल्या दारात मुलाचं लग्न ठरलेलं असतं. दुसऱ्यात कमिटीला विचारून सांगतात. तिसऱ्यात जेवणाचं विचारतात. लोक आधी हसत होते, कारण तू ती माणसं इतकी हुबेहूब उभी केली होतीस की प्रत्येकाला त्यातलं कुणीतरी ओळखीचं वाटत होतं. पाचव्या दारापर्यंत हसणं थांबलं. कंट्रोलर सिताराम सरांकडे होता, सोनल त्यांना अक्षरं वाचून दाखवत होती. मी सोफ्याच्या मागे उभा होतो.

सातवं दार उघडलं. गावठाणातली अरुंद बिल्डिंग, जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला म्हातारा. 'जागा हाय पोरी. पन माझा भाचा येनार हाय ना.' आणि त्याच्या मागे, जिन्यावर, तोंडाला मास्क लावलेला एक जण, मोबाइलमध्ये बघत उभा. बोटभर चित्र. इतर कुणाचं लक्ष गेलं नसतं, पण सर म्हणाले, 'तिथे काहीतरी वाजतंय का गं?' सोनल म्हणाली, 'हो सर, एक माणूस आहे, त्याच्यावर दाबता येतंय.' त्यांनी दाबलं. त्या माणसाच्या डोक्यावर तीन ठिपके आले आणि गेले. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा ठिपके. मी मोजत होतो, अकरा वेळा दाबलं. मग त्यांनी तुला विचारलं, 'हा बोलत का नाही?' तू म्हणालीस, 'माहीत नाही सर. मलाही तेच विचारायचं होतं.'

तो मी आहे, मित्रा.

डिसेंबर दोन हजार एकवीस. तुझी आई परभणीहून तुझ्याकडे आली होती, तिला कायमचं इथे ठेवायचं म्हणून तू जागा बघत होतीस. तुम्ही आलात तेव्हा मी जिन्यात नेटवर्क बरं मिळतं म्हणून उभा होतो. केशरबाईंनी, तुझ्या आईचं हे नाव मला त्या दिवशीच कळलं, कठड्याला धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत तिसरा मजला गाठला. मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. वर त्यांनी मोरीतला नळ उघडून हात धुतले. खाली आल्यावर म्हणाल्या, 'पाण्याला जोर हाय इथल्या.' त्यांना जागा पसंत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबांनी स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं. मग पूर्ण नाव विचारलं. तू सरळ सांगितलंस. बाबांनी भाच्याचं काढलं. माझ्या बाबांना एकच भाचा आहे आणि त्याचा उरणला स्वतःचा बंगला आहे. तुझ्या आईला ते लगेच कळलं असावं. तिने पेला जमिनीवर ठेवला नाही, बाबांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, 'असू द्या दादा.' मग तू माझ्याकडे बघितलंस. दोन-तीन सेकंद असेल. भाचा वगैरे कुणी येणार नाहीये, एवढं मी म्हणू शकलो असतो. मी मोबाइलमध्ये बघितलं. तू चित्र अगदी बरोबर काढलंयस, मानेचा कोनसुद्धा.

म्हणजे तू गाळ्याच्या दारात आलीस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. मला मास्क होता, तू ओळखायचं कारणच नव्हतं. हा गाळा वेगळ्या बिल्डिंगमध्ये, बाबा इकडे फिरकत नाहीत. दोन वर्षं मी गप्प राहिलो. सोनलने तुला किती वेळा घरी बोलवायचं ठरवलं, आमच्या जत्रेला, तिच्या वाढदिवसाला, चुलत भावाच्या हळदीला. दर वेळी मी काहीतरी कारण काढलं. घरात रंगकाम आहे, आईला बरं नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर तू जिन्यापाशी उभी राहून वर बघशील आणि मग माझ्याकडे बघशील, याची मला भीती होती.

तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत काचा वर करून ते वाक्य रेकॉर्ड केलं. वाटलं, निदान हे तरी करावं, आवाज द्यावा आणि तुझं काम व्हावं. एकदाच म्हटलं. ऐकलं तर बाबाच बोलत होते. तोच 'पोरी' म्हणतानाचा मऊपणा, शेवटच्या 'ना'वर तसाच हेल. मी तासभर गाडीत बसून राहिलो आणि ते पुसून टाकलं.

बाबांबद्दल तुला काय सांगू? त्यांचं नाव देवजी. आमची आजी, गोजरा, मिठागरात कामाला होती, तिच्या टाचांच्या भेगांत मीठ जाऊन त्या कधी भरल्याच नाहीत. शेतं शहरासाठी गेली तेव्हा बाबा एकवीस वर्षांचे होते. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी ते किती वर्षं कचेरीत खेटे घालत होते, तिथले साहेब त्यांना बसायलाही सांगत नसत, हे ते अजून जेवताना सांगतात. तरी खुर्चीवर बसले की ते असे होतात. ते कधी कुणाला वाकडं बोलत नाहीत. ते पाणी देतात. मी हे त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाहीये, असं लिहिणार होतो, पण थोडी घेतोच आहे बहुतेक. माझं जेवण त्याच भाड्यातून येतं. माझ्या पगारात या शहरात मला स्वतःला जागा परवडणार नाही.

आता या आठवड्याचं. आमचा तिसरा मजला रिकामा झालाय. तोच. सोनलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या रविवारी तिने गेम बघितला, घरी येऊन रडली, आणि तो म्हातारा आपलेच बाबा आहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही. बाबा घरात तसे नसतात. तिने बाबांना सांगितलं, माझ्या मैत्रिणीला जागा हवी आहे, तिची आई येणार आहे. बाबा म्हणाले, 'आन की, बघू दे.' पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मग तिने तुला फोन केला. तू किती खूश झालीस ते तिने मला उड्या मारत सांगितलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नेरुळलाच करून घेऊ, शनिवारी सकाळी दहाला जागा बघू, सोनल तुम्हाला सीवूड्स स्टेशनवर घ्यायला येईल, असं सगळं तुमचं ठरलं होतं.

सोमवारी मी बाबांपाशी बसलो. ते टीव्ही बघत होते. तुझं नाव सांगितलं, पूर्ण. आधी आलेली तीच मुलगी, तेही सांगितलं. त्यांना आठवेना. 'किती जनी येतात. मी कुनाला काय वाईट बोललो का?' मी म्हटलं, नाही, वाईट नाही बोललात. ते म्हणाले, 'मग?' मी म्हटलं, ती माझी मैत्रीण आहे, दोन वर्षं ओळखतो, तिच्याइतकं सरळ माणूस मला माहीत नाही. ते म्हणाले, 'असंल ना. पन खाली तुझी आत्या राहते, समोर काका. उद्या त्यांनी तोंड फिरवलं तर मी कुनाकडं बघू? घर तुझ्या नावावर होईल तेव्हा तू ठेव कोनाला ठेवायचं त्याला.' घर सोडून जातो, हे मनात आलं. तोंडातून आलं नाही. मग त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाले, 'तूच सांग तिला. तुझी दोस्त हाय, तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला वाईट नाय वाटनार. भाचा येनार हाय म्हनून सांग.'

मंगळवारी मी ओळखीच्या दोघांना फोन केले, एकाचा फ्लॅट जुईनगरला, दुसऱ्याचा करंजाड्यात. दोघेही शिकलेले, दोघेही आमच्या गावचे नाहीत. दोघांनीही आधी विचारलं, 'कोण आहे? पूर्ण नाव काय?' मी सांगितलं. एकाने विचारून कळवतो म्हटलं. दुसरा म्हणाला, नुकतीच दिली यार. तुझा गेम मला एक दिवस खऱ्या माणसांशी खेळायला लागला आणि मी दोन दारांतच दमलो. तू चौदा कशी केलीस?

काल सोनलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'दादा, तू जिन्यात होतास?' मी हो म्हटलं. ती बाबांकडे गेली, त्यांच्यासमोर ताट बाजूला सारून आली, आईशी भांडली. रात्री येऊन मला म्हणाली, त्यांना येऊ देच, बाबांनी त्यांच्या तोंडावर नाही म्हणून दाखवू दे, मी तिथे उभी राहीन. ती बावीसची आहे, तिला अजून वाटतं की समोर उभं राहिलं की माणूस बदलतो. मी तिला अडवू शकत नाही. बाबांना मनवूही शकत नाही. पण शनिवारी काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. बाबा उठून खुर्ची देतील, पाणी देतील, हसतील.

म्हणून हे लिहितोय. शनिवारी येऊ नकोस. सोनलने दाखवायची म्हटलेली जागा तीच आहे, तोच जिना, तिसरा मजला, आणि वर नेऊन तुझ्या आईला पुन्हा तोच नळ उघडायला लावायचा नाहीये मला. भाच्याचं मी सांगणार नाही, एवढंच माझ्याकडून झालं. बाकी बाबांनी सांगितलेलं कामच मी करतोय हे मला कळतंय. तेव्हा गप्प राहून तुम्हाला जाऊ दिलं, या वेळी स्वतः लिहून नाही म्हणतोय. मी माफी मागितली तर ती स्वीकारायची की नाही याचं ओझंही तुझ्यावरच पडेल, म्हणून मागत नाही. रविवारी गाळा उघडा असेल, किल्ली सोनलकडे आहे. मी नसेन. त्या जिन्यावरच्या माणसाचं काय करायचं ते तू ठरव, मी त्याच्यासाठी एक वाक्य शोधत तीन आठवडे घालवले, मला मिळालं नाही. तुझ्या आईची गाडी परभणीहून उद्या संध्याकाळची आहे असं सोनल म्हणाली. सामान बांधून झालं असेल. ती घरातून निघायच्या आत तिला फोन कर.

तुझा,
कुंदन